शेपूटराव आघाडीवर

सायकलवाल्यांच्या टोळीत त्यांना शेपूटराव म्हणत, आणि तेही तोंडावर. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवरच पडद्यांचे नमुने लटकवलेले असल्यामुळे ते कुणाला दिसत नसे. दुकान पडद्यांचं आणि गाद्यांच्या खोळींचं. शेपूटराव लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेत, कापड कापत, शिडीवर चढून दांडे ठोकत. बायको मशीनवर बसून शिवत असे आणि नवऱ्याच्या मापांतल्या चुका शिवणीत जिरवत असे. चूक कुठे जिरवली ते गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत कळत नसे. नवऱ्याला मात्र ती त्याच दिवशी कळवत असे.

सायकल त्यांच्या आयुष्यात आली ती चाळिशीनंतर, मेहुण्याच्या कृपेनं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर, अंगानं शिडशिडीत आणि लहानपणापासून पहिला यायची खोड लागलेला. त्यानं शर्यतीची नवी सायकल घेतली आणि जुनी, भाऊजींच्या गुडघ्यांना बरी पडेल म्हणून, भाऊजींच्या गळ्यात मारली. गुडघ्यांना बरं पडलं की नाही ते गुडघ्यांना ठाऊक. पण शेपूटरावांना त्या सायकलीचं असं वेड लागलं की ते घरून दुकानातही तिच्यावरूनच जाऊ लागले, आणि वर्षाच्या आत शर्यतीतही उतरले.

पहिल्या शर्यतीला ते पोटभर जेवून गेले, कारण लांबचा पल्ला होता आणि उपाशी कसं जायचं. पहिल्या चढावर ते जेवण परत भेटायला आलं. दुसऱ्या शर्यतीला काहीच न खाता गेले आणि परतीच्या वाटेवर हातपाय असे गळाले की एका बसथांब्यावर बसून त्यांनी अनोळखी आजींकडे बिस्कीट मागितलं. भूक लागायच्या आत खायचं आणि तहान लागायच्या आत प्यायचं, हे त्यांना तेव्हा कळलं. शर्यतीची तंग चड्डी आपल्या नेहमीच्या चड्डीवर घालायची नसते, हेही कळलं, पण जरा उशिरा. त्यानंतरचा आठवडाभर ते दुकानात उभ्यानंच हिशेब करत होते आणि बायको येणाऱ्या प्रत्येकाला, "बसायला सांगू नका त्यांना," असं बजावत होती.

मग एकदा त्यांना वाऱ्याचा शोध लागला. वारा म्हणजे काय हे खरं तर पडदेवाल्याला कुणी शिकवायला नको. एका रविवारी समोरून सणसणीत वारा सुटला होता आणि शेपूटराव दमून बेकरीवाल्याच्या मागे लपले. बेकरीवाला हा टोळीतला सगळ्यात रुंद माणूस. त्याच्या चाकामागे हातभर अंतरावर सायकल लावली आणि काय आश्चर्य, वारा बंद. पाय मारायचे तर अर्ध्या जोरानं मारा, सायकल आपली धावतेय. त्या दिवसापासून शेपूटराव टोळीतल्या प्रत्येक पाठीकडे कापडाचं ठाण बघावं तसे बघू लागले. मेहुणा म्हणजे जाळीचा पडदा, दिसायला झकास पण आडोसा शून्य. बेकरीवाला म्हणजे अस्तर लावलेली मखमल, पण चढ लागला की ती मखमल मागे गळून पडे आणि मग थेट शर्यत संपून टेबलं-खुर्च्या आवरल्यावर उगवे. त्यामुळे त्याचा उपयोग सपाटीपुरताच होता.

सायकलवाल्यांच्या घोळक्यात एक रीत असते. पुढच्यानं वारा खायचा, दमला की बाजूला होऊन मागे यायचं, मग त्याच्या मागच्यानं पुढे व्हायचं. सगळ्यांनी आळीपाळीनं वारा खाल्ला की सगळेच लांबवर जातात. शेपूटरावांना ही रीत फार आवडत असे, फक्त आपली पाळी आली की त्यांच्या बुटाची नाडी सुटे. कधी गिअर अडके. कधी असा खोकला लागे की मागच्यांनाच दया येऊन ते पुढे जात. इतकी वर्षं ते शर्यतींत उतरत होते, पण त्यांच्या नाकासमोर रिकामा रस्ता असा कधी आलाच नव्हता. नेहमी कुणाचं तरी मागचं चाक, आणि त्या चाकावर खिळलेली त्यांची नजर.

बायकोनं त्यांची एकही शर्यत पाहिली नव्हती. शर्यती रविवारी, आणि पडद्यांचा धंदाही रविवारीच, कारण नवरा-बायको जोडीनं येऊन रंगावरून भांडतात ते रविवारी. एकदा शेपूटरावांनी धीर करून विचारलं होतं, येतेस का एखादे वेळी बघायला. तिनं दोरा दातानं तोडत विचारलं, "मागेच असता ना तुम्ही? मग काय बघू, पाठ? पाठ घरी रोज बघते. पुढे असाल त्या दिवशी सांगा." हे ती हसत बोलली होती. शेपूटरावही हसले होते. पण ते वाक्य त्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना आयुष्यात आता एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, तिनं आपल्याला पुढे बघावं.

यंदाच्या मोठ्या शर्यतीआधी मास्तरांनी टोळीला चहाच्या टपरीवर गोळा केलं. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत शिक्षक. स्वतः सायकलला हात लावत नसत, स्कूटरवरून शिट्टी वाजवत मागे फिरत. शेजारच्या शहराची टोळी लागोपाठ तीन वर्षं ढाल घेऊन गेली होती आणि मास्तरांच्या ते अगदी जिव्हारी लागलं होतं. त्यांनी बेत सांगितला. घोळका परतीला नदीच्या पुलावर आला की तिथून पाण्याच्या टाकीच्या चौकापर्यंत कुणीतरी सगळ्यांच्या पुढे राहून वारा खायचा, त्याच्या आडोशाला डॉक्टरनं ताजंतवानं राहायचं, आणि चौकात उजवीकडे वळलं की मैदानापर्यंत डॉक्टरनं सुसाट सुटायचं.

"वारा कोण खाणार?" मेहुण्यानं विचारलं.

"शेपूट खाणार," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं आमच्या जिवावर फिरला. या वेळी पुढे यायचं. नाडी सुटली, खोकला आला, तर पुढच्या रविवारपासून घरी झोपायचं."

 रविवारची सकाळ ही शेपूटरावांची आठवड्यातली एकच वेळ अशी होती की जिच्यात कुणी त्यांना भिंत पिस्ता रंगाची असेल तर पडदा कुठला घ्यावा हे विचारत नसे. ती गेली तर उरलं काय. ते लगेच हो म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, या रविवारी मी पुढे असणार.

"तुम्ही?" तिनं इतक्या भाबडेपणानं विचारलं की चिडायचीही सोय राहिली नाही. मग तिला एकदम आठवलं, त्याच रविवारी अख्ख्या बंगल्याच्या पडद्यांचं गिऱ्हाईक येणार होतं, आठच्या ठोक्याला. दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं. पुढच्या वेळी नक्की येईन, असं ती म्हणाली. पुढची वेळ येत नसते हे दोघांनाही ठाऊक होतं. शेपूटरावांना वाईट वाटलं आणि ते त्यांच्या तोंडावर दिसलं, कारण बायकोनं न विचारता त्यांची जर्सी उचलली आणि गळ्यापासून पोटापर्यंतची बिघडलेली झिप उसवून नवी लावायला घेतली. जर्सीची नाजूक झिप दुकानात नव्हती, म्हणून गादीच्या खोळीला लावतात तसली दणकट, चकचकीत झिप तिनं लावून दिली.

या झिपेचंही एक प्रकरण असतं. शर्यतीत गरम होतं, म्हणून सगळे जर्सी छातीपर्यंत उघडी टाकतात. पण जिंकणारा माणूस शेवटच्या रेषेआधी एका हातानं झिप सर्रकन गळ्यापर्यंत ओढतो, म्हणजे फोटो नीटनेटका येतो. मेहुणा हे इतक्या ऐटीत करायचा की बघणाऱ्याचे दात शिवशिवावेत. शेपूटरावांची झिप मात्र शर्यतीत एकदा खाली गेली की घरी येईपर्यंत खालीच असे. शेपटाचा फोटो कोण काढतो?

रविवारी सगळं बेताप्रमाणे झालं, हेच मुळात नवल. बेकरीवाला नेहमीप्रमाणे पहिल्या चढाला मागे पडला आणि दिसेनासा झाला. बाकीचा घोळका, आपला आणि शेजारच्या शहराचा, एकमेकांना चिकटून परत फिरला. पूल आला. मास्तरांची शिट्टी वाजली. शेपूटरावांनी एकदा खोकून पाहिलं, पण खरा खोकला काही येईना, तेव्हा दात आवळून ते बाजूनं निघाले आणि सगळ्यांच्या पुढे गेले.

वारा तोंडावर आदळला. डोळ्यांतून पाणी आलं. पण समोर चाक नव्हतं, पाठ नव्हती, कुणाच्या चड्डीवरची शिवण नव्हती. समोर रस्ताच रस्ता होता, आणि मागे तीसेक सायकली त्यांच्या एकट्याच्या पाठीआड दडून येत होत्या. आपणही कुणाचा तरी पडदा होऊ शकतो हे शेपूटरावांना पहिल्यांदाच कळलं आणि त्यांना इतका आनंद झाला की पाय दुखतायत हे ते विसरले. पाय दुखतायत, दम लागलाय, आणि आपण हसतोय, अशा अवस्थेत ते पाण्याच्या टाकीच्या चौकात आले.

आता हा चौक. पूल ओलांडायचा, टाकीच्या चौकात यायचं आणि डावीकडे गल्लीत वळायचं, हा शेपूटरावांचा रोजचा दुकानात जायचा रस्ता. शर्यतीत ते इथून उजवीकडे गेले होते, पण ते दुसऱ्याच्या चाकामागून. चाक नेईल तिकडे ते जात. आज समोर चाक नव्हतं, आणि डोकं आनंदात होतं. तेव्हा शरीरानं रोज करतं तेच केलं. शेपूटराव डावीकडे वळले.

चौकात झेंडा घेऊन चष्मेवाला उभा होता. त्याचं दुकान त्याच गल्लीच्या तोंडाशी. उजवीकडे झेंडा धरून उभं राहा, असं त्याला मास्तरांनी पढवलं होतं, आणि तो सकाळपासून इमानदारीत तसा उभाही होता. पण शेपूटराव गल्लीत वळताना दिसले की हात वर करून रामराम घालायचा, ही त्याचीही रोजची सवय. त्याचा हात वर गेला आणि हातात होता झेंडा. मागून येणाऱ्यांनी मान खाली घातलेली. ज्या एक-दोघांनी वर पाहिलं त्यांना डावीकडे फडकलेला झेंडा दिसला. मेहुण्याला तर काहीच दिसलं नाही, कारण त्याची नजर भाऊजींच्या मागच्या चाकावर होती. अख्खा घोळका शेपूटरावांच्या मागोमाग गल्लीत शिरला.

गल्लीत शिरताक्षणीच शेपूटरावांच्या लक्षात आलं. चष्म्याचं दुकान मागे गेलं, चप्पलवाल्याचं बंद दुकान आलं. अजून वेळ होता. हात वर करून ओरडले असते, थांबा, चुकलं, तर सगळे तिथल्या तिथे वळून चौकात परतले असते. शेपूटरावांनी हात उचललाही.

तेवढ्यात त्यांना दुकान दिसलं. शटर नुकतंच वर गेलं होतं. बंगलेवालं गिऱ्हाईक अजून उगवलं नव्हतं. दारात फोमच्या गुंडाळ्या मांडलेल्या, आणि त्यांच्याशेजारी स्टुलावर उभी राहून बायको नमुन्यांचे पडदे लटकवत होती. सायकलींचा आवाज ऐकून तिनं मान वळवली.

शेपूटरावांचा उचललेला हात खाली आला तो पोटाशी. त्यांनी ती दणकट झिप पकडली आणि सर्रकन वर ओढली.

बायको स्टुलावर तशीच उभी राहिली. तिला शर्यतीचा रस्ता कुठून जातो याची सुतराम कल्पना नव्हती. तिला एवढंच दिसलं की आपल्या गल्लीतून शर्यत चाललीय, तिच्यात रंगीबेरंगी कपड्यांतले तरणेबांड लोक आहेत, आपला भाऊ आहे, आणि त्या सगळ्यांच्या पुढे आपला नवरा आहे. हातातला पडदा तिनं खांद्यावर टाकला आणि टाळ्या वाजवल्या. शेपूटराव तिच्यासमोरून मान ताठ करून गेले.

गल्ली दुकानाच्या जरा पुढे लाकडाच्या वखारीच्या भिंतीला जाऊन संपते. शेपूटरावांना हे माहीत असल्यामुळे ते वेळेत थांबले. बाकीच्यांची नजर पुढच्याच्या चाकावर असल्यामुळे त्यांना भिंत उशिरा दिसली. शर्यतीचे बूट पॅडलला अडकवलेले असतात, पाय चटकन सुटत नाही. त्यामुळे लोक थांबले आणि मग सावकाश, एकामागून एक, आडवे झाले. फार कुणाला लागलं नाही. मेहुणा मागे वळायला गेला, हेलकावला आणि दुकानासमोरच्या फोमच्या गुंडाळ्यांत असा रुतला की त्याला बाहेर काढायला ताईला स्टुलावरून उतरावं लागलं. चष्मेवाला झेंडा घेऊन धावत आला आणि ज्याला त्याला सांगू लागला की मी फक्त रामराम केला.

एकमेकांत अडकलेल्या सायकली सोडवण्यात आणि चूक कुणाची यावर भांडण्यात गल्लीतच बराच वेळ गेला. चौकात आता कुणीच नव्हतं. काही वेळानं तिथे बेकरीवाला पोहोचला, एकटा, घामानं निथळत. कायम मागे राहणाऱ्याला चाक दाखवणारं कुणी नसतं, त्यामुळे रस्त्यावर चुन्यानं काढलेले बाण वाचायची त्याला सवय होती. बाण उजवीकडे होता. तो उजवीकडे वळला आणि मैदानात पोहोचला. तिथे फीत अजून शाबूत होती. ही आपल्यासाठी नसणार, असं समजून तो खाली वाकून जाऊ लागला, तेव्हा लोकांनी त्याला ओरडून सांगितलं की बाबा, तोड ती. पाणी शिल्लक आहे का, असं त्यानं आधी विचारलं, आणि मग ढाल छातीशी धरून हमसून हमसून रडला.

तर ढाल गावात राहिली. पण शेजारच्या शहरानं तक्रार केली, आणि तिला डॉक्टर मेहुण्याचा आतून पाठिंबा होता, कारण शर्यत रद्द होऊन पुन्हा झाली तर ती तोच जिंकणार होता. नियम साधा होता. रस्ता माहीत असणं ही ज्याची त्याची जबाबदारी, त्यामुळे चुकून चुकलं तर निकाल कायम. पण कुणी जाणूनबुजून घोळका भरकटवला असेल तर शर्यत रद्द, आणि तो माणूस टोळीतून कायमचा बाद.

दोन दिवसांनी मास्तर, शेजारच्या टोळीचा कप्तान आणि मेहुणा असे तिघं दुकानात येऊन उभे राहिले. शेपूटराव कापड कापत होते. मास्तरांनी सरळ विचारलं, वळलास ते सवयीनं, हे मान्य. पण चुकलं हे तुला कळलं कधी?

शेपूटरावांची कात्री थांबली. खरं सांगितलं तर रविवार गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे बेकरीवाल्याची ढाल गेली. बेकरीवाल्यानं ती पावाच्या कपाटावर, सगळ्यांना दिसेल अशी लावली होती. खोटं सांगायचं तर जीभ रेटेना. त्यांनी खोकायला सुरुवात केली.

"आम्ही सगळे मागे होतो, आम्हाला भाऊजींचं तोंड दिसलं नाही," मेहुणा म्हणाला. "समोर फक्त ताई होती. ताई, तूच सांग. ह्यांना चूक कळली होती की नाही? तुझ्या शब्दाबाहेर कुणी जाणार नाही."

ताई मशीनवर होती, ओठांत टाचण्या धरलेल्या. तिनं पाय थांबवला नाही. हातातली शिवण संपवली, दोरा तोडला, टाचण्या एकेक करून काढून उशीवर टोचल्या. शेपूटरावांनी डोळे मिटून घेतले.

"त्यांना?" ती म्हणाली. "अरे, खिडकी डावीकडची मोजतात आणि उजवीकडची म्हणून सांगतात. त्यांना भिंत येईपर्यंत कळलं नसणार."

शेजारच्या टोळीचा कप्तान हसला. त्याला खिडक्यांच्या मापांचा कागद समोर टेबलावरच पडलेला दिसत होता, खाडाखोडीसकट. मास्तरांनी विषय संपला असं जाहीर केलं, आणि निघताना शेपूटरावांना बजावलं की रविवारी वेळेवर यायचं, पुढे यायची हौस असेल तर जरूर यायचं, फक्त चौकाच्या आधी मागे व्हायचं. मेहुण्यानं ताईकडे जरा वेळ संशयानं पाहिलं, पण लहानपणापासून तो तिच्यापुढे कधी जिंकला नव्हता.

तिघं गेले. शेपूटराव बराच वेळ कापडाची घडी घालत राहिले, घातलेलीच पुन्हा घालत राहिले. बायकोनं नवा पडदा सुईखाली सरकवला.

"पुढच्या वेळी झिप ओढाल तेव्हा," ती मान वर न करता म्हणाली, "पोट जरा आत घ्या."